एचओएच्या वसाहतीत कोंबड्या पाळण्याआधी: कागदपत्रांपासून खुराड्यापर्यंतचा योग्य क्रम

अमेरिकेतील एचओएच्या (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संघटना) वसाहतींत कोंबड्यांवरून जे वाद होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ कोंबड्यांत नसून कामे उलट्या क्रमाने करण्यात असते. वसंत ऋतूत शेतीसामानाच्या दुकानात पिल्ले विक्रीला येतात, मुलांच्या आग्रहाखातर चार-सहा पिल्ले घरी आणली जातात, त्यांच्यासाठी घाईने खुराडे उभे राहते आणि नियमांची चौकशी सर्वांत शेवटी होते. पिल्ले साधारण सहा आठवड्यांची झाली की त्यांना घरातल्या उबदार खोक्यातून बाहेर काढावेच लागते. याउलट बांधकामांना मंजुरी देणाऱ्या असोसिएशनच्या आर्किटेक्चरल कमिटीला अर्जावर निर्णय देण्यासाठी अनेक वसाहतींच्या कागदपत्रांत 30 ते 45 दिवस दिलेले असतात. म्हणजे पिल्ले आणली त्याच दिवशी अर्ज टाकला तरी परवानगी येण्याआधी पक्षी अंगणात उतरलेले असू शकतात आणि परवानगीचा अर्ज हा नियमभंगाचा कबुलीजबाब ठरतो.

म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. पक्षी विकत घेणे हे या क्रमातील शेवटचे काम आहे. राज्यांचे कायदे वेगवेगळे असल्याने जेथे एखाद्या राज्याचे नाव घेतले आहे, तेथील तरतूद त्याच राज्यापुरती समजावी.

टप्पा 1: परवानग्या दोन आहेत, हे आधी मान्य करावे

घराच्या आवारात काय चालते यावर दोन स्वतंत्र सत्तांचे नियंत्रण असते. पहिली म्हणजे सिटी किंवा काउंटी, जिचे नियम हा कायदा असतो. दुसरी म्हणजे असोसिएशन, जिचे नियम हा घराच्या खरेदीबरोबर आपण स्वीकारलेला करार असतो. एकीची परवानगी दुसरीला बांधील करत नाही. सिटीने सहा कोंबड्यांना मुभा दिली आणि असोसिएशनने एकीलाही दिली नाही, तर आपल्यापुरता आकडा शून्य. उलट, असोसिएशन गप्प असेल आणि सिटीची बंदी असेल, तरीही शून्यच.

अ‍ॅरिझोनात 2024 मध्ये झालेल्या कायद्याने तेथील शहरांना अर्ध्या एकरापर्यंतच्या स्वतंत्र घरांच्या आवारात सहापर्यंत कोंबड्या ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. या बातमीचा अर्थ अनेकांनी ‘आता कोणी अडवू शकत नाही’ असा घेतला. तो चुकीचा होता, कारण त्या कायद्याने शहरांचे हात बांधले, असोसिएशनच्या करारातील बंदीला हात लावला नाही.

*इशारा:* सिटीच्या कार्यालयात फोन करून ‘चालते का’ असे विचारले, तर समोरची व्यक्ती सिटीच्या नियमापुरतेच उत्तर देते. एचओएची कागदपत्रे तिच्यासमोर नसतात आणि ती तपासणे हे तिचे कामही नसते.

टप्पा 2: खरी कागदपत्रे मिळवावीत

घर घेताना मिळालेली रंगीत पुस्तिका, मॅनेजमेंट कंपनीच्या पोर्टलवरील ‘नेहमीचे प्रश्न’ किंवा शेजाऱ्याने पाठवलेला फोटो यांवर काहीही ठरवू नये. निर्णायक दस्तऐवज म्हणजे डिक्लरेशन, म्हणजे वसाहतीतील घरांवरील अटी व बंधने यांचा दस्तऐवज, ज्याला बोलण्यात सर्वजण सीसी अँड आर (कव्हेनंट्स, कंडिशन्स अँड रिस्ट्रिक्शन्स) म्हणतात. ते काउंटीच्या दप्तरात नोंदवलेले असते आणि मालक बदलला तरी जमिनीबरोबर पुढे जाते. त्यामुळे ‘मी कशावरही सही केली नव्हती’ हा बचाव चालत नाही.

काउंटी रेकॉर्डर किंवा काउंटी क्लर्कच्या नोंदींत आपल्या सबडिव्हिजनच्या नावाने शोध घ्यावा. बऱ्याच काउंट्यांत हे घरबसल्या होते. तेथून मूळ डिक्लरेशन, त्यातील प्रत्येक दुरुस्ती, वसाहतीचा भाग टप्प्याटप्प्याने वाढला असेल तर पुरवणी डिक्लरेशन, आणि प्लॅट म्हणजे भूखंडांचा नोंदवलेला नकाशा, इतके सर्व उतरवून घ्यावे. प्लॅटवर छापलेल्या टिपांतही कधीकधी प्राण्यांविषयीची अट असते आणि ती वाचायची राहून जाते.

बायलॉज म्हणजे असोसिएशनच्या कारभाराचे नियम, बोर्डाने म्हणजे तिच्या निवडून आलेल्या संचालक मंडळाने केलेले नियम, ठराव आणि आर्किटेक्चरल मार्गदर्शिका ही कागदपत्रे सहसा असोसिएशनकडेच मागावी लागतात. मागणी लेखी असावी. टेक्सासमध्ये सर्टिफाइड मेलने तपशीलवार मागणी केल्यास प्रॉपर्टी कोडच्या कलम 209.005 नुसार असोसिएशनने 10 कामकाजाच्या दिवसांत प्रतिसाद द्यावा लागतो. फ्लोरिडातही नोंदी पाहू देण्याची मुदत 10 कामकाजाच्या दिवसांचीच आहे.

मोठ्या नियोजित वसाहतींत दोन असोसिएशन असतात, एक मुख्य आणि एक आपल्या गल्लीपुरती. दोहोंची डिक्लरेशन वेगळी असतात आणि दोन्ही आपल्याला लागू असतात. दर तिमाहीला दोन वेगळ्या वर्गण्या जात असतील, तर कागदपत्रांचे संचही दोन आहेत असे समजावे.

*तपासणी:* पुढे जाण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात. प्रत्येक कागदावरील नोंदणी क्रमांक व तारीख, सर्वांत अलीकडची दुरुस्ती, आणि आपला लॉट क्रमांक त्या डिक्लरेशनच्या जमिनीच्या वर्णनात खरोखर येतो याची खात्री. फ्लोरिडात आणखी एक गोष्ट पाहावी. तेथील मार्केटेबल रेकॉर्ड टायटल अ‍ॅक्टमुळे 30 वर्षांहून जुन्या अटी वेळेत जतन केल्या नसतील तर त्यांचा अंमल संपलेला असू शकतो. हा मुद्दा मात्र वकिलाकडून तपासून घेण्याचाच आहे.

टप्पा 3: कलमातील शब्द एकेक करून वाचावेत

या टप्प्यावर घाई करू नये. सर्वाधिक गैरसमज येथेच होतात आणि पुढची सारी दिशा येथेच ठरते.

कलमे साधारण तीन प्रकारची आढळतात. पहिल्या प्रकारात ‘पोल्ट्री’ किंवा ‘फाउल’ (दोन्हींचा अर्थ कोंबड्या-बदकांसारखे पाळीव पक्षी) या शब्दांसह स्पष्ट बंदी असते आणि अपवाद नसतो. येथे अर्थ लावायला जागा नाही. दुरुस्तीशिवाय मार्ग नाही, आणि तो टप्पा 7 मध्ये आहे. दुसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो: कोणतेही प्राणी, पशुधन किंवा पोल्ट्री ठेवू नये, असे आधी म्हटलेले असते आणि लगेच ‘कुत्री, मांजरे व इतर हाउसहोल्ड पेट्स वगळून, व्यापारी हेतू नसल्यास’ अशी सवलत जोडलेली असते. तिसऱ्या प्रकारात प्राण्यांविषयी फक्त उपद्रव होऊ नये इतकेच असते, किंवा काहीच नसते.

दुसऱ्या प्रकारातील प्रश्न असा की अंगणातली कोंबडी ही ‘हाउसहोल्ड पेट’ ठरते की ‘पोल्ट्री’. याचे सर्व राज्यांना लागू पडणारे उत्तर नाही. न्यू मेक्सिकोच्या अपील न्यायालयाने 2016 मध्ये सांता फेजवळच्या एल्डोराडो या वसाहतीतील खटल्यात रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला होता. तेथील कलमात पोल्ट्रीची मनाई होती, पण ‘मान्य पाळीव प्राण्यांना’ अपवाद होता, आणि त्या शब्दरचनेत हौसेने पाळलेल्या कोंबड्या बसतात असे न्यायालयाने मानले. तो निकाल खिशात घालून टेक्सासच्या बोर्डासमोर जाणे मात्र उपयोगाचे नाही. अशा अटींचा अर्थ संदिग्ध असेल तेव्हा तो मालकाच्या मोकळिकीच्या बाजूने लावावा, हे अनेक राज्यांतील जुने तत्त्व आहे. टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडचे कलम 202.003 मात्र अटीचा हेतू साधेल अशा उदार रीतीने अर्थ लावावा असे सांगते.

कॅलिफोर्नियात सिव्हिल कोडचे कलम 4715 वारंवार पुढे केले जाते. त्यानुसार मालकाला किमान एक पाळीव प्राणी ठेवण्याचा हक्क असून ‘पाळीव प्राणी’ याच्या व्याख्येत माणसाळलेला पक्षी येतो. हे कलम 1 जानेवारी 2001 नंतर केलेल्या किंवा दुरुस्त झालेल्या कागदपत्रांना लागू आहे. कोंबडी हा माणसाळलेला पक्षी आहे हे खरे, तथापि कायदा हमी देतो ती एकाच प्राण्याची, आणि तीही असोसिएशनच्या वाजवी नियमांना अधीन राहून. कोंबडी हा कळपाने राहणारा पक्षी आहे. एकटी कोंबडी ठेवण्यात पक्ष्याचेही हित नाही आणि मालकाचेही नाही. या एका कलमावर संपूर्ण खुराडे उभे करू नये.

प्राण्यांचे कलम संपले म्हणजे वाचन संपले असेही नाही. पुढील चार कलमे शोधून त्यांवर खूण करावी.

1. बांधकामाचे कलम: शेड, आउटबिल्डिंग, तात्पुरती रचना यांना मनाई किंवा पूर्वपरवानगी. कोंबड्या चालतात, पण खुराडे चालत नाही, अशी स्थिती प्रत्यक्षात बरीच आढळते.
2. कुंपणाचे कलम: जाळीच्या प्रकारावर बंदी असू शकते.
3. उपद्रवाचे कलम: आवाज, वास, माश्या. प्राण्यांचे कलम आपल्या बाजूने असले तरी याचा आधार घेऊन तक्रार होते.
4. व्यापाराचे कलम: अंडी विकणे. फाटकावर ‘ताजी अंडी’ अशी पाटी लावणाऱ्याने ‘व्यापारी हेतू नसल्यास’ मिळालेली सवलत स्वतःच गमावलेली असते. शेजाऱ्यांना अंडी भेट द्यावीत, पैसे घेऊ नयेत.

*इशारा:* ‘नियमांत कोंबडी हा शब्दच नाही’ हा युक्तिवाद करण्याआधी व्याख्यांचे प्रकरण वाचावे. लाइव्हस्टॉकच्या म्हणजे पशुधनाच्या व्याख्येत पोल्ट्री घातलेली असू शकते. बदके किंवा लावे पाळून पळवाट काढण्याचा प्रयत्नही त्याच व्याख्येवर आपटतो.

टप्पा 4: सिटीचे नियम आणि टेप

एचओएच्या कागदांत दार पूर्ण बंद नाही असे दिसले, तरच सिटी किंवा काउंटीच्या नियमांकडे वळावे. तेथे शोधायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: कोंबड्यांची कमाल संख्या, नर कोंबड्यावरील बंदी, परवाना व त्याचे नूतनीकरण, खुराड्याला बांधकाम परवाना कोणत्या आकारापासून लागतो, आवारात पक्षी कापण्यास मनाई आहे का, आणि सेटबॅक म्हणजे किती अंतर सोडायचे. नर कोंबड्याला निवासी भागांत बहुतेक ठिकाणी बंदीच असते. पिल्लांतील नर-मादी ओळखण्यात चूक होते, त्यामुळे एखादे पिल्लू पुढे आरवू लागले तर त्याला कोठे पाठवायचे हे आधीच ठरवून ठेवावे.

सेटबॅक वाचताना अंतर कशापासून मोजायचे आहे ते पाहावे. काही ठिकाणी ते हद्दीपासून असते, काही ठिकाणी शेजाऱ्याच्या राहत्या घरापासून, काही ठिकाणी दोन्ही. प्रत्यक्ष मोजणी केल्याशिवाय याचा परिणाम लक्षात येत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, मागचे अंगण 60 फूट रुंद आणि 35 फूट खोल आहे. मागच्या हद्दीलगत 10 फुटांचा युटिलिटी ईझमेंट, म्हणजे वीज-पाण्याच्या वाहिन्यांसाठी राखलेला पट्टा आहे, ज्यावर काहीही कायमचे उभारता येत नाही. सिटीचा नियम हद्दीपासून 10 फूट आणि शेजारच्या घरापासून 25 फूट असा आहे, आणि दोन्ही बाजूंची घरे सामायिक हद्दीपासून 5 फुटांवर आहेत. मागचे 10 फूट गेल्यावर खोली उरली 25 फूट. शेजारच्या घरापासून 25 फूट म्हणजे हद्दीपासून 20 फूट, दोन्ही बाजूंनी मिळून 40. म्हणजे निर्धोक पट्टा राहिला मध्यभागी 20 फूट रुंद आणि 25 फूट खोल. मागे सरकावे तसे शेजारच्या घरापासूनचे तिरके अंतर वाढते व थोडी रुंदी परत मिळते, परंतु अर्जात सुरुवात या पट्ट्यापासूनच करावी.

आता खुराडे कोठे येते ते पाहावे: आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. बहुतेक लोक मनात ते मागच्या कोपऱ्यात, कुंपणाला टेकून उभे करतात आणि नेमकी तीच जागा ईझमेंट व सेटबॅक या दोन्हींत बुडालेली असते. अंगणाच्या मध्यभागी खुराडे चालणार नसेल तर हे घरातल्या मंडळींनी आत्ताच ठरवावे.

*तपासणी:* हद्द कुंपणावरून धरू नये. घर घेताना मिळालेला सर्व्हे, म्हणजे मोजणीचा नकाशा काढावा. कुंपण हद्दीवरच घातलेले असते असे नाही.

टप्पा 5: अर्जापूर्वी शेजाऱ्यांना भेटावे

हे बंधनकारक नाही, तरी टाळू नये. ज्यांची घरे हद्दीला लागून आहेत त्यांना प्रत्यक्ष भेटून किती कोंबड्या, खुराडे कोठे, साफसफाई कधी, एवढे सांगावे. हरकत नसल्यास एका ओळीची सही घ्यावी. कोणाला हरकत असेल तर तिचे कारण लिहून घ्यावे आणि अर्जात त्यावर उपाय दाखवावा. बोर्डाकडे येणारी पहिली तक्रार बहुधा याच तीन-चार घरांपैकी एकाची असते.

टप्पा 6: अर्ज असा तयार करावा

अर्ज फेटाळला जाण्याचे सर्वांत सामान्य कारण विरोध हे नसून अपुरी माहिती हे आहे. ‘चार कोंबड्यांसाठी छोटेसे खुराडे’ या वर्णनावर कोणतीही समिती होकार देऊ शकत नाही, कारण तिने होकार कशाला दिला हेच ठरत नाही.

आकाराचे गणित दाखवावे. बंदिस्त खुराड्यात दर कोंबडीमागे सुमारे 4 चौरस फूट आणि जाळीच्या मोकळ्या भागात सुमारे 10 चौरस फूट, हे परसातल्या कोंबड्यांसाठी सर्रास वापरले जाणारे प्रमाण आहे. चार कोंबड्यांसाठी 16 अधिक 40, म्हणजे एकूण 56 चौरस फूट. 4 फूट रुंद व 14 फूट लांब अशी रचना वर काढलेल्या पट्ट्यात सहज बसते. उंची कुंपणाहून कमी ठेवता आली तर ठेवावी. रस्त्यावरून न दिसणारे बांधकाम समितीच्या अर्ध्या शंका आपोआप मिटवते.

अर्जासोबत पुढील गोष्टी जोडाव्यात: सर्व्हेच्या प्रतीवर मापांसह काढलेली जागा, समोरून व बाजूने रेखाटन, भिंती-छताचे साहित्य व घराशी जुळणारा रंग, जाळीचा प्रकार, शेजाऱ्यांच्या सह्या, सिटीच्या नियमाची प्रत, आणि देखभालीची एक पानाची योजना. जाळी अर्धा इंच भोकांची जाड हार्डवेअर क्लॉथ असावी. षट्कोनी भोकांची नेहमीची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, रात्री शिकारीला येणाऱ्या रॅकून या प्राण्याला बाहेर ठेवत नाही.

देखभालीच्या योजनेकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या मते बोर्डाचे मन याच पानावर ठरते, कारण बोर्डाची खरी भीती कोंबडी नसून उंदीर, वास आणि माश्या ही असते. म्हणून खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात राहील, सांडलेले दाणे रोज संध्याकाळी उचलले जातील, विष्ठा व भुसा ठरावीक दिवशी काढून झाकलेल्या कंपोस्टमध्ये जाईल किंवा पिशवीबंद करून टाकला जाईल, अंधार पडण्याआधी कोंबड्या खुराड्यात बंद होतील, हे वाराप्रमाणे लिहावे. साल्मोनेला या जंतूचा संसर्ग हा परसातल्या कोंबड्यांबरोबर येणारा खरा धोका आहे. पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि पाच वर्षांखालील मुलांना पक्षी हाताळू न देणे, हे योजनेत नमूद करावे. 2022 पासून अमेरिकेत बर्ड फ्लूची मोठी साथ पसरली असल्याने कोंबड्यांचे खाद्य-पाणी रानपक्ष्यांच्या, विशेषतः बदकांच्या संपर्कात येणार नाही अशी झाकलेली रचना दाखवावी. समितीत कोणीतरी हा प्रश्न विचारतेच.

अर्ज पोर्टलवर टाकला तरी त्याची पोच जपावी आणि तारीख दिनदर्शिकेत लिहावी. मुदतीत उत्तर आले नाही तर काय, हे डिक्लरेशनमध्येच पाहावे. काही ठिकाणी मौन म्हणजे मंजुरी असते, काही ठिकाणी मौन म्हणजे नकार. एकाच शहरातील दोन वसाहतींत ते परस्परविरुद्ध असू शकते. कॅलिफोर्नियात कलम 4765 नुसार निर्णय लेखी द्यावा लागतो, आणि नकार असेल तर कारण व बोर्डाकडे फेरविचार मागण्याची पद्धत सांगावी लागते.

*इशारा:* बोर्डाच्या अध्यक्षांनी फिरताना थांबून ‘काही हरकत नाही, ठेवा’ असे म्हटले तर ती परवानगी नव्हे. एका सदस्याचा ईमेलही नव्हे. पुढच्या निवडणुकीत ते सदस्य जातात आणि नव्या बोर्डाकडे आपल्या नावावर फक्त कोंबड्या उरतात. बोर्डाच्या बैठकीतील ठराव किंवा समितीचे पत्र, यांहून कमी काही स्वीकारू नये.

टप्पा 7: डिक्लरेशनच आड येत असेल तर

येथे एक गैरसमज मुळातून काढायला हवा. डिक्लरेशनमध्ये बंदी असेल तर बोर्ड साधा नियम करून ती उठवू शकत नाही. बोर्डाचे नियम डिक्लरेशनच्या खालच्या पायरीवर असतात. अपवाद देण्याचा अधिकार, म्हणजे व्हेरियन्स, डिक्लरेशनने बोर्डाला प्राण्यांच्या बाबतीत दिलेला असेल तरच तो मागता येतो. बऱ्याच ठिकाणी तो फक्त बांधकामापुरता दिलेला असतो.

उरतो मार्ग दुरुस्तीचा. टेक्सासमध्ये कलम 209.0041 नुसार एकूण मतांच्या 67 टक्के मान्यता लागते, डिक्लरेशनमध्ये याहून कमी टक्केवारी असल्यास तीच लागू होते. अन्य राज्यांत प्रमाण बदलते. आकडा कोणताही असो, तो सहसा उपस्थितांचा नसून एकूण मतांचा असतो, आणि मोहिमा याच खड्ड्यात पडतात. 120 घरांच्या वसाहतीत 67 टक्के म्हणजे 80.4, अर्थात 81 मते. सभेला 70 घरे आली आणि त्यांतील 65 जणांनी बाजूने मत दिले तरी प्रस्ताव पडतो. घरी बसलेला प्रत्येक मालक विरोधात मोजला जातो. त्यामुळे सभेतील भाषणापेक्षा दारोदार जाऊन मतपत्रिका गोळा करणे अधिक महत्त्वाचे. भाड्याने राहणाऱ्यांना मत नसते. भाड्याने दिलेल्या घरांच्या मालकांचे पत्ते असोसिएशनच्या नोंदींतून मिळवून त्यांना पत्राने गाठावे.

मसुदा आवळलेला असावा. ‘कोंबड्यांना परवानगी असावी’ असे मोघम वाक्य कोंबडीप्रेमी नसलेल्या दोन-तृतीयांश लोकांना पटणार नाही. कमाल संख्या, फक्त माद्या, आवारात कत्तल नाही, विक्री नाही, हद्दीपासून अंतर, बंदिस्त खुराडे, समितीची पूर्वपरवानगी, आणि सिद्ध झालेल्या तक्रारींनंतर ती परवानगी काढून घेण्याची सोय, या सर्व अटी आपणच मसुद्यात घालाव्यात. परवानगी व्यक्तीला आहे, घराला नाही, हेही लिहावे, म्हणजे घर विकल्यावर नवा मालक आपोआप हक्क सांगणार नाही.

*तपासणी:* दुरुस्ती मंजूर झाली तरी ती काउंटीत नोंदवली गेल्याशिवाय खुराड्याला हात लावू नये. नोंदणी क्रमांक हातात आल्यावर टप्पा 6 मधील अर्ज करावा. दुरुस्तीने बंदी उठते. आपल्या खुराड्याची मंजुरी ही वेगळी गोष्ट आहे.

टप्पा 8: नोटीस आलीच तर

ज्यांनी क्रम चुकवला आहे आणि ज्यांच्या अंगणात आजच कोंबड्या आहेत, त्यांनी हा टप्पा प्रथम वाचावा.

नोटीस मिळाल्यावर दुसऱ्या कोणत्याही गोष्टीआधी तीन तारखा लिहून काढाव्यात: नोटिशीची, दुरुस्तीसाठी दिलेल्या मुदतीची, आणि सुनावणी मागण्याच्या अखेरच्या दिवसाची. टेक्सासमध्ये नोटीस टपालात टाकल्यापासून 30 दिवसांत लेखी विनंती करून बोर्डासमोर सुनावणी मागता येते. मुदत टाकल्याच्या तारखेपासून मोजली जाते, आपण पाकीट उघडल्यापासून नव्हे. फ्लोरिडात दंडापूर्वी किमान 14 दिवसांची नोटीस आणि संचालक किंवा पदाधिकारी नसलेल्या किमान तीन सदस्यांच्या समितीसमोर सुनावणीची संधी द्यावी लागते. कॅलिफोर्नियात शिस्तभंगाच्या बैठकीची सूचना किमान 10 दिवस आधी मिळाली पाहिजे.

दंडाच्या रकमेविषयी अफवा पुष्कळ असतात. फ्लोरिडाच्या कलम 720.305 मध्ये दंड एका नियमभंगाला 100 डॉलरपर्यंत, चालू राहणाऱ्या नियमभंगाला दररोज तेवढाच, आणि कागदपत्रांत वेगळे नसल्यास एकूण 1,000 डॉलरपर्यंत आहे. 1,000 डॉलरहून कमी दंडासाठी घरावर लीन म्हणजे बोजा चढवता येत नाही. टेक्सासमध्ये केवळ दंडापोटी असोसिएशनला घर लिलावात काढता येत नाही, परंतु प्रकरण न्यायालयात गेल्यास कलम 202.004 नुसार दिवसाला 200 डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. शिवाय हरणाऱ्यावर समोरच्या वकिलाची फी येऊ शकते, आणि ती दंडाला सहज मागे टाकते.

सुनावणीला जाताना कलमाची प्रत, अर्जाची पोच, खुराड्याची तारीखवार छायाचित्रे आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन जावे. ‘इतरांकडेही आहेत’ हा मुद्दा मांडायचा असेल तर त्या घरांची सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी स्थिती व असोसिएशनला ती ठाऊक असल्याचा पुरावा लागतो. एखाद-दुसऱ्या घराकडे दुर्लक्ष झाले म्हणून अटीचा अंमल सुटत नाही. पुरावा मिळवण्यासाठी कोणाच्या कुंपणावरून डोकावू नये, त्यातून नवी तक्रार उभी राहते.

*इशारा:* इंटरनेटवरून पैसे भरून ‘भावनिक आधार देणारी कोंबडी’ असे पत्र मिळवू नये. घरांबाबतच्या भेदभावाला मनाई करणाऱ्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टखालील सवलत ही खऱ्या अपंगत्वासाठी आहे. केंद्रीय गृहनिर्माण विभागाच्या जानेवारी 2020 च्या मार्गदर्शनात गोठ्या-परसातले प्राणी घरात सामान्यतः पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत धरलेले नव्हते आणि अशा प्राण्याची गरज दाखवण्याचा मोठा भार अर्जदारावर ठेवलेला होता. खरी वैद्यकीय गरज असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फत आणि वकिलाच्या सल्ल्याने स्वतंत्र विनंती करावी. नोटिशीचे उत्तर म्हणून ती पुढे करू नये.

टप्पा 9: उत्तर अखेर ‘नाही’ असेच आले तर

पक्षी हलवण्यासाठी वाढीव मुदत लेखी मागावी. तारीख आणि पक्षी कोठे जाणार ते स्पष्ट सांगितल्यास दोन-तीन आठवडे बहुधा मिळतात. कोंबड्या रानात किंवा सार्वजनिक उद्यानात सोडू नयेत. त्या जगत नाहीत, आणि प्राणी असे सोडून देणे अनेक ठिकाणी गुन्हा आहे. काउंटीचे एक्स्टेन्शन म्हणजे कृषी विस्तार कार्यालय, परिसरातील फोर-एच गट (मुलांना शेती-पशुपालन शिकवणारे) किंवा शहराबाहेरील शेतकरी यांच्याकडे विचारणा करावी. अंडी देणाऱ्या तरुण कोंबड्यांना घर लवकर मिळते, म्हाताऱ्यांना आणि कोंबड्यांतल्या नरांना वेळ लागतो.

त्यानंतर रिकामे खुराडेही काढावे, कारण बांधकामाचे कलम त्याला स्वतंत्रपणे लागू असते. ते हलवल्याची छायाचित्रे असोसिएशनला पाठवून प्रकरण बंद केल्याचे व दंड शून्य झाल्याचे पत्र मागून घ्यावे. हे पत्र आले नाही तर नियमभंग मॅनेजमेंट कंपनीच्या नोंदीत उघडाच राहतो आणि काही वर्षांनी घर विकताना, खरेदीदाराला द्यायच्या रीसेल सर्टिफिकेटवर, क्लोजिंगच्या म्हणजे विक्रीचा व्यवहार पूर्ण होण्याच्या आठवड्यात वर येतो.